कच्च्या लिंबाची वायर

भाड्याची जागा बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मिस्टर चढाईचे की पकडीचे?"

माझ्या कडेवर मुक्ता होती, हाताला अमेय होता आणि डोक्यात पाणी किती वाजता येतं हा प्रश्न होता. कबड्डीबद्दल कुणी विचारेल अशी माझी तयारी नव्हती. आमचे हे विमा कचेरीतले. उभ्या आयुष्यात त्यांनी फाइल सोडून कशाची पकड केलेली नाही. ते चाचरत म्हणाले, "मी... मी बहुतेक बाहेरच बसायचो."

"म्हंजे राखीव," घरमालक म्हणाले. "चालेल. राखीव लागतोच." आणि किल्ली आमच्या हातात दिली. ती जागा सोडेपर्यंत आमचे हे त्या गल्लीत राखीव म्हणूनच ओळखले गेले. कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा "राखीवभाऊंचे कपडे झाले" असा निरोप पाठवायचा. ह्यांना ते मुळीच आवडायचं नाही, पण तसं कुणाला तोंडावर सांगितलं असतं तर ते राखीव कसले!

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून खाडीच्या दिशेने उतरलं की आमची गल्ली. दुमजली घर, वर आम्ही, खाली घरमालक नवराबायको. घरमालक जन्माने कोळी, पण होडीत पाय ठेवला की त्यांना उलटी व्हायची. भाऊ सगळे मासेमारीला खाडीत गेले आणि हे एका कारखान्यात लागले. नोकरी हा मात्र त्यांचा जोडधंदा. खरं काम कबड्डीच्या सामन्यांत पंचगिरी करण्याचं. ठाण्यापासून शहाडपर्यंत एक मैदान असं नव्हतं जिथे त्यांनी शिट्टी फुंकली नाही, आणि शिट्टी फुंकल्यावर जीव घेऊन पळावं लागलं नाही असंही बहुधा एक नव्हतं. अख्खी गल्ली त्यांना पंच म्हणायची. मी काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मावशी. काकांच्या बायकोला खरं तर काकू म्हणायचं, पण आमच्याकडे हीच जोडी बसली होती. मुलं त्यांना पंचआजोबा म्हणायची.

कारखान्यातून ते निवृत्त झाले, शिट्टीतून नाही. बुटाच्या नाडीत ओवलेली शिट्टी सदा गळ्यात. जिन्याच्या मधल्या पायरीवर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने रेघ मारली होती. चपला रेघेच्या खाली ठेवायच्या. चुकून वर दिसली की खालून शिट्टी यायची आणि मागोमाग निर्णय, "वरचे बाद!" दूधवाल्याने उंबरठ्याच्या आत पाय टाकला की तो बाद. जेवायला बसलेला पाहुणा "नको, नको" म्हणत आणखी एक भाकरी घ्यायचा, त्याला ताकीद मिळायची. गल्लीतली भांडणं सोडवायला लोक त्यांनाच बोलवायचे, कारण ते कुणाचंच ऐकून घेत नसत. दोन्ही बाजूंना बाद देत आणि चहाला घरी परत येत.

मावशी सकाळी मासळी बाजारात बसायच्या. त्यांच्यावर मात्र पंचांनी कधी शिट्टी वाजवली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा वाजवली होती म्हणे. पुढे काय झालं ते दोघंही सांगत नसत.

सगळ्या दुनियेला बाद देणाऱ्या या माणसाचं एक दुःख होतं. "मला आयुष्यात कोनी आउट केलाच नाय," असं ते तक्रारीच्या सुरात सांगायचे. भावंडांत ते शेंडेफळ. त्यामुळे लपाछपी असो की आट्यापाट्या, ते कच्चा लिंबू. कच्चा लिंबू म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सगळ्यात लहान पोर खेळात असतं, धावतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते बादही होत नाही. पोर मोठं झालं की ही सवलत संपते. यांच्या बाबतीत ती संपवायची भाऊ विसरूनच गेले. मिसरूड फुटलं तरी हे कच्चा लिंबूच. "बाद व्हायला मिलाला नाय, म्हनून बाद देनारा झालो," असं त्यांचं म्हणणं.

आता व्हिडिओ गेमकडे येते. नव्वद सालानंतरची गोष्ट. माझ्या दिराने मस्कतहून तो आणला. टीव्हीला जोडायचा एक लाल-पांढरा डबा, त्याला वायरवाले दोन चपटे रिमोट आणि वरून खोचायची पिवळी कॅसेट. अमेय तेव्हा तिसरीत होता, मुक्ता बालवाडीत. अमेयला लगेच सगळं जमलं, मुक्ताला काहीच जमेना. तिचा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडायचा, मग अमेय ओरडायचा, मग ती भोकाड पसरायची, मग मी पिठाच्या हातांनी धावायचे.

यावर युक्ती काढली राखीवांनी. मुक्ताच्या रिमोटची पिन हळूच काढून ठेवायची. रिमोट तिच्या हातात, वायर टीव्हीच्या मागे गेलेली, पण जोडलेली कशालाच नाही. खेळायचा एकटा अमेय, आणि पडद्यावर उड्या मारणारा हिरवा माणूस आपलाच आहे असं समजून मुक्ता जिवाच्या आकांताने बटणं दाबायची. तो जिंकला की "मी जिंकले!" म्हणून नाचायची. घरात शांतता नांदायला लागली. विमा कचेरीत इतकी वर्षं काढल्याचा मला दिसलेला तो एकमेव फायदा.

मग एका संध्याकाळी गच्चीची किल्ली मागायला पंच वर आले आणि पडद्याकडे बघत उभे राहिले. रेफरीची नजर ती. खेळाडूंच्या तोंडाकडे ते कधी बघत नसत, हातापायांकडे बघत. मुक्ताचा अंगठा खाली गेला, हिरवा माणूस उडाला नाही. हिरवा माणूस उडाला, तेव्हा मुक्ताचा अंगठा नाकात होता. पंच टीव्हीच्या मागे वाकले, मोकळी पिन हातात धरून वर आले आणि त्यांनी शिट्टी फुंकली. खालच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"सामना स्थगित!"

"अहो काका," मी म्हटलं, "ती खूश आहे ना. राहू दे की."

"खूश हाय, पन खेलात नाय," पंच म्हणाले. "कच्चा लिंबू पन धावतो, बाय. त्याला मैदानाभायेर बसवून टाल्या पिटायला नाय लावत. हंडीच्या दिवशी नाक्यावर बघा, सगल्यात बारका पोर सगल्यात वर. आनि तुमच्या घरात तो वायरीच्या भायेर!"

मुक्ताने पिनकडे बघितलं, मग टीव्हीकडे. "मग तो हिरवा माणूस माझा नव्हता?" तिने विचारलं.

राखीव वर्तमानपत्राच्या मागे गेले. मला पंचांचा असा राग आला की काय सांगू. सुखाने चाललेलं घर शिट्टी वाजवून मोडायला यांना सांगितलं होतं कुणी?

त्या दिवसापासून मुक्ताचा वायरींवरचा विश्वास उडाला. मिक्सर लावला की ती वायर धरून भिंतीपर्यंत जाऊन बघायची. आजीचा फोन आला तर आधी फोनची वायर तपासायची, तोवर तिकडे आजी "हॅलो, हॅलो" करत बसायची. बालवाडीत प्रार्थना चालू असताना ही माईकची वायर ओढायला गेली, म्हणून बाईंनी मला बोलावून घेतलं. आणि रिमोटला तर तिने हातच लावला नाही. अमेयने बिचाऱ्याने तिच्यासमोर पिन जोडून दाखवली. "मला नको," ती म्हणाली. "तुमचं सगळं खोटं असतं." अमेयनेही मग खेळणं सोडलं. चिडवायला कुणी नसेल तर जिंकण्यात काय मजा!

रेघेच्या वर चपला दिसल्या तरी खालून पंचांची शिट्टी येईना. मग एका रविवारी सकाळी पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट असा सामन्याचा जामानिमा करून ते दारात उभे राहिले. "सामना मी थांबवला, चालू पन मीच करनार," ते म्हणाले. "मुक्ताबाय खरोखरची खेलंल असा खेल हुडकायचा. चला पोरांनो."

ठाण्यातल्या दुकानांत आम्हाला लवकरच कुणी दारात उभं करेनासं झालं. त्याचं कारण पंचांची खेळ तपासायची रीत. ते काउंटरसमोरच्या स्टुलावर बसत, रिमोट हातात घेत आणि जाहीर करत, "मी आता चार वर्सांचा." आणि खरंच चार वर्षांचे होत. रिमोट उलटा धरत. सगळी बटणं एकदम दाबत. मधेच पडदा सोडून पंख्याकडे बघत बसत. माणूस मेला की भोकाड पसरत, "उंऽऽ, मला नाय खेलायचा!" एवढा उंचापुरा, पांढऱ्या मिशांचा माणूस असा गळा काढून रडतोय म्हटल्यावर रस्त्यावरची माणसं आत डोकवायची. एका दुकानदाराने घाबरून त्यांना बिस्किट दिलं. ते त्यांनी खाल्लं, मिशा पुसल्या, पुन्हा निवृत्त झाले आणि निर्णय दिला, "बाद!"

मारामारीचा खेळ: "भावाला बहिनीला बुकलायचा परवाना. बाद." आळीपाळीने खेळायचा खेळ: "एक मरंपर्यंत दुसऱ्याने काय करायचं? कांदे सोलायचे? बाद." एका खेळात दोघं बरोबर पळत, पण पडदा पुढे सरकत राही आणि मागे राहिलेल्याला त्याची कड ढकलून मारी. तो बघून पंच खवळलेच. "पोर बारका हाय म्हनून मागं राहतो, आनि मागं राहिला म्हनून मारता? बाद, बाद, बाद!" मग एकाने लाखभर खेळांची कॅसेट काढून दिली. पंच ती चिकाटीने तपासत बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी शिट्टी फुंकली. चारच खेळ होते, रंग बदलून फिरून फिरून येत होते. "हा मघाचाच! शर्ट बदलून आलाय!" गावोगावच्या सामन्यांत बाद झालेला गडी दुसऱ्याचा शर्ट घालून परत आत घुसतो, तसले पुष्कळ त्यांनी पकडले होते. दुकानदाराला त्यांनी जन्मभरासाठी बाद केलं.

कुणीतरी सांगितलं, शहाड स्टेशनबाहेर एक दुकान आहे, तिथे सगळं मिळतं. रविवारी लोकलचा भरवसा नाही, म्हणून एसटीने कल्याण आणि तिथून रिक्षा. पाऊस नुसता कोसळत होता आणि रिक्षात मुक्ता मीटरची वायर शोधत होती. दुकानातल्या पोरगेल्या मालकाला पंचांनी थेट विचारलं, "कच्चा लिंबूवाला खेल हाय क्या?"

"लिंबू खतम हो गया, अंकल," तो मानही वर न करता म्हणाला. "अगले हफ्ते आएगा."

पंचांना कोण आनंद झाला! असा खेळ आहे तर. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा शहाडला. तेव्हा माल दुबईत अडकला होता. त्याच्या पुढच्या रविवारी पंचांना पांढऱ्या बुटांत दारात बघून तो मालक हात जोडून उभाच राहिला. "अंकल, सच बोलूँ? वो लिंबू है क्या चीज, मेरे को मालूम नहीं. गिऱ्हाईक को ना नहीं बोलने का, इसलिए बोला."

पंचांनी त्याला काउंटरच्या बाहेर काढलं, मला आणि दोन गिऱ्हाइकांना भिडू केलं आणि मुक्ताकडे बोट दाखवून प्रात्यक्षिकासह सगळा कायदा समजावून सांगितला. ऐकता ऐकता मालकाचा चेहरा उजळला. "अरे, वो वाला कच्चा लिंबू! पहले बोलना था ना अंकल. मैं भी घर में सबसे छोटा. अभी तक मेरे को कोई दुकान में निर्णय लेने नहीं देता." तो आत गेला, खोकी उपसल्याचे आवाज आले आणि धुळीने माखलेली एक कॅसेट घेऊन बाहेर आला. ही कुणीच नेत नाही म्हणाला, कारण यात कुणी मरत नाही.

दोन माणसं, एक होडी. एकाने होडी चालवायची, खडक चुकवायचे. दुसऱ्याने एकच बटण दाबायचं, की जाळं पाण्यात पडतं. मासा आला तर आला, नाही आला तर पुन्हा टाकायचं. पंच स्टुलावर बसले, चार वर्षांचे झाले, बटण दाबत राहिले आणि रडायचं विसरले. होडी पडद्यावर डुलत होती म्हणून त्यांना मळमळायला लागलं, पण ते त्यांनी निर्णयात धरलं नाही. "खेल वैध," ते एका हाताने पोट धरून म्हणाले. परतीच्या एसटीत ते खिडकीतून तोंड बाहेर काढून बसले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

संध्याकाळी आमच्याकडे अर्धी गल्ली जमली. अमेय होडीवर, जाळ्याचा रिमोट मुक्तासमोर ठेवलेला. ती तो घेत नव्हती, नुसती बघत होती. होडी पडद्यावर आली. एवढ्यात हात पुसत मावशी वर आल्या. टीव्ही गेम बघायला त्या पहिल्यांदाच येत होत्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"या दिसान होरी दर्यान नेताव? जाली टाकताव? नारली पुनव झाली का?"

"अगो, ही खेलातली होरी," पंच म्हणाले.

"मासा त मासाच ना? पावसान माशांच्या पोटान गाभोली असते. माझ्या घरान नारल परल्याशिवाय जाला परनार नाय." आणि पुढे होऊन त्यांनी टीव्हीचं बटण बंद केलं.

पंचांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली. सगळी गल्ली बघत होती. पंचांनी शिट्टी पुन्हा शर्टाच्या आत सोडली. "सामना पुनवेपर्यंत पुढे ढकलन्यात येतोय," त्यांनी जाहीर केलं. अमेयने हातपाय आपटले, राखीवांनी बंदीला कायद्याने आव्हान देता येईल का याचा विचार मनातल्या मनात केला, आणि मला वाटलं, झालं, हा खेळ पण गेला.

मुक्ता मात्र मावशींच्या मागोमाग जिना उतरली. "त्या टीव्हीतल्या माशांच्या पोटात पण बाळं असतात?"

"असतान ना, बाय."

मुक्ता वर आली ती विचारात पडलेली. झोपायच्या आधी म्हणाली, "आई, हा खेळ खरा आहे." का गं, विचारलं, तर म्हणे, "खोट्याला मावशीआजी कशाला रागावेल?" पंचांना इतक्या दुकानांत रडून जे साधलं नव्हतं ते मावशींनी एका फटक्यात साधलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगी "पुनव कधी?" म्हणून मला भंडावून सोडायला लागली. कॅसेट मावशींच्या देव्हाऱ्यात ठेवलेली होती. मुक्ता रोज खाली जाऊन तिला नमस्कार करून यायची.

नारळी पौर्णिमेला खाडीवरची पूजा उरकून मावशी हिरव्या लुगड्यात वर आल्या. त्यांनी आमच्या टीव्हीला हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि आत पाणी जाऊ नये म्हणून नारळ बाल्कनीत फोडला. मग पंचांनी मुक्ताला बोलावून पिन तिच्या हातात दिली. "वायर तू लाव. पंचांवर पन इस्वास नाय ठेवायचा."

मुक्ता टीव्हीच्या मागे गेली. तिने पिन लावली, ओढून बघितली, वायर धरून पुढे आली, पुन्हा मागे गेली. कुणी घाई केली नाही. शेवटी ती रिमोट घेऊन बसली आणि शिट्टी झाली. अमेयने होडी खडकांतून काढली. मुक्ताने बटण दाबलं. जाळं पाण्यात गेलं, वर आलं, आणि त्यात एक निळा मासा तडफडत होता.

"माझा!" ती किंचाळली. "मी टाकलेलं!"

"निला?" मावशी म्हणाल्या. "बाजारान कोन घेल याला?" पण त्या हसत होत्या. अमेय बहिणीच्या पाठीत धपाटे घालत ओरडत होता, पंच शिट्टीवर शिट्टी फुंकत होते, आणि मी पदराने डोळे पुसत होते. पंचांवरचा सगळा राग त्या निळ्या माशाबरोबर गेला. राखीव टाळ्या वाजवत होते. ते काम त्यांना जमतं.

पुढे आम्ही डोंबिवलीला स्वतःच्या जागेत गेलो. डबा आणि कॅसेट पंचांकडेच ठेवली. दर नारळी पौर्णिमेला आम्ही ठाण्याला जायचो. अमेयला कॉलेजचे मित्र झाले, होडीचा कंटाळा आला. मग होडी पंच चालवायला लागले, जन्मभर होडीत उलट्या करणारा माणूस, आणि जाळं मुक्ताचं.

शेवटच्या पौर्णिमेला आम्ही गेलो तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. रिमोट दिला तर होडी पहिल्याच खडकावर गेली. पुन्हा दिला, पुन्हा तेच. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि गळ्यातली शिट्टी चाचपत म्हणाले, "आता आपन भायेर. राखीव." ते त्यांनी अगदी सहज म्हटलं.

बोलले ते आमचे हे. "काका," ते म्हणाले, "राखीव मी आहे. ती जागा रिकामी नाही." इतक्या वर्षांत त्यांनी केलेली ही पहिली चढाई.

मुक्ता उठली. आता ती पंचांच्या खांद्याएवढी झाली होती. टीव्हीच्या मागे वाकून तिने जाळ्याच्या रिमोटची पिन काढली, पंचांना दाखवली, त्यांच्यासमोर परत लावली. "पंचआजोबा, होडी मी चालवते. तुम्ही कच्चा लिंबू. वायर लावलीय, बघून घ्या."

पंचांनी चष्मा मागवला. भिंतीला धरून ते टीव्हीच्या मागे गेले, पिन स्वतः ओढून बघितली, वायर हातात धरत परत आले आणि बसले. मग शिट्टी वाजवली. तिच्यातून अर्धी हवाच आली. मुक्ताने होडी खडकांतून बाहेर काढून मोकळ्या पाण्यात नेऊन थांबवली. पंचांनी दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून बटण दाबलं. जाळं गेलं, वर आलं, रिकामं.

"काय घावला का?" मावशींनी आतून विचारलं.

"घावला नाय," पंच म्हणाले. "पन जालं मीच टाकलं."